एक खिडकी सोडून

"गाडीला कापड चढवायचा काय दर हाय हो तुमचा?"

मी शिडीवर होतो. एका कंटेनर ट्रेलरच्या अंगावर टेप धरून उभा, तोंडात पेन्सिल. खाली पाहिलं तर साठीच्या आसपासची एक बाई छत्री मिटत होती. इरकली लुगडं, पायात पुरुषी चपला, खांद्याला रेक्झिनची पिशवी. बरोबर कुणी नव्हतं.

"कापड नाही काकी, व्हिनाइल," मी म्हटलं. "चिकटवतात ते."

"त्येच. आमच्यात कापडच म्हणत्यात. दर काय?"

मी खाली उतरलो. "गाडी कुठली?"

"बस हाय. शाळेची व्हती. आता गावाला वैकुंठरथ करायचाय."

हा शब्द बोलताना माणसं आवाज खाली आणतात. ही बाई पिठाची गिरणी टाकायचीय अशा सुरात बोलत होती. मी तिला खुर्ची दिली आणि नेहमीचं सांगायला लागलो. दर फुटावर असतो. साधी फिल्म स्वस्त, पण उन्हानं तीन वर्षांत तडकते. चांगली फिल्म दुपटीनं महाग, ती वळणावर आणि खिळ्यांवर नीट बसते. जुना रंग पोपडे धरून असेल तर आधी घासावा लागतो, त्याची मजुरी वेगळी.

"आणि चित्रच नको असंल तर? नुसता एक रंग?"

"छपाईचे थोडे कमी होतील. फिल्म आणि मजुरी तेवढीच."

"म्हंजे काही नको म्हणायचं तरी पैसं लागत्यात."

"लागतात."

तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती जरा वेळ समोरच्या ट्रेलरकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "एक खिडकी सोडली तर तेवढं फूट कमी हुतील का?"

"उलट वाढतील. खिडक्यांवरून एकसलग पट्टी जाते. मध्येच एक सोडायची तर तिथं कापायचं, कडा रबरात बसवायच्या. त्यात वेळ जातो. त्यापेक्षा खिडक्यांवर जाळीची फिल्म लावू, बाहेरून रंग दिसतो आणि आतून बाहेरचं दिसतं."

"कसं दिसतं?"

"थोडं अंधुक."

"अंधुक नको. पाटी वाचता आली पायजे."

मला वाटलं, ती चालकाच्या काचेबद्दल बोलतेय. म्हटलं, पुढची काच कधीच झाकत नाहीत. ती म्हणाली, "पुढची न्हाई. मागं, डाव्या अंगाची." आणि गाडी मोजायला कधी येता ते विचारून निघून गेली. तिचं नाव शालन बाबर. गाव बेलखडी, विट्याच्या पुढं.

तेव्हा सांगलीत माधवनगर रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप होतं. ट्रक, टँकर, ट्रेलर, बस अशा मोठ्या गाड्यांवर व्हिनाइल चढवायचं काम. दोन कारागीर होते, पण गाडी मोजणं आणि दर काढणं मी कुणावर सोपवत नसे. दिवसभर मी फूट आणि इंच बोलायचो. कारागीर घरी गेले की शटर ओढून वरच्या माळ्यावर चढायचो. तिथं एक गादी होती, एक शेगडी. गावभागातलं भाड्याचं घर मी सोडलं नव्हतं, पण तिथं झोपायला जात नव्हतो. कुणी विचारलंच तर सांगायचो, पद्मा निपाणीला माहेरी आहे, सासऱ्यांची तब्येत बरी नाही. हे मी वर्षभर सांगत होतो. सासरे ठणठणीत होते. आमच्यात भांडण असं झालंच नव्हतं. घरातलं बोलणं हळूहळू कमी होत गेलं आणि एक दिवस ती बॅग भरून गेली, एवढंच.

दोन दिवसांनी मी बेलखडीला गेलो. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सराफांच्या दुकानातला सोन्या-चांदीचा चुरा गाळून शुद्ध धातू काढायचा, असा तो धंदा. त्यासाठी ती देशभर पांगलेली आहेत. हे ऐकून ठाऊक होतं, पण गाव बघितलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगले. संगमरवरी खांब, रंगीत काचा, फाटकांवर दगडी सिंह, आणि फाटकांना कुलपं. एका बंगल्याच्या पोर्चमध्ये कुणीतरी कडबा रचला होता. माणूस दिसला तो एकच, कट्ट्यावर बसलेला म्हातारा. त्याला ग्रामपंचायत विचारली तर त्यानं नुसती काठी त्या दिशेला केली.

बस ग्रामपंचायतीमागं उभी होती. शालनकाकी आधीच येऊन सावलीला थांबल्या होत्या. शेजारी पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ. तानाजीराव मोहिते, वैकुंठरथ समितीचे अध्यक्ष. बसपाशी टायरची हवा बघत होता तो दस्तगीर. चालक, मिरजेचा, पण बायको गेल्यापासून बेलखडीतच राहायला आलेला.

मी टेप काढला. दस्तगीरनं दुसरं टोक धरलं. डावी बाजू, उजवी बाजू, मागचा दरवाजा, चाकांवरच्या कमानी. तानाजीराव बरोबर चालत होते.

"हे बघा मगदूम," ते म्हणाले, "डाव्या अंगाला विट्याची एक सराफ पेढी. उजव्या अंगाला दवाखाना. मागं सिमेंटवाला. तिघंही वर्षाचे पैसे द्यायला तयार आहेत. गाडी फुकटात सजली, डिझेल सुटलं, आणि दर वर्षाला जाहिरात बदलायचं काम तुम्हाला."

"वैकुंठरथावर दवाखाना?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मग सिमेंटवाला मोठा करा."

"जाहिरात नको," शालनकाकी म्हणाल्या.

"वहिनी, झालंय की आपलं बोलणं."

"तुमचं झालंय. मी तवाबी नको म्हणलं व्हतं."

"अहो पण का नको, ते तरी सांगा. मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय बाहेर काय चिकटवलंय त्याचा?"

काकींनी पदर खांद्यावर घेतला आणि मला म्हणाल्या, "आत या, खिडकी दावते."

आत सगळी बाकं काढून टाकली होती. मधोमध स्टीलचा चौथरा बसवला होता. चालकाच्या मागं पत्र्याचं पार्टिशन होणार होतं. काकींनी ते मिरजेच्या बॉडीवाल्याकडून रद्द करून घेतलं होतं, आणि चौथऱ्याच्या डाव्या बाजूला एक बाक परत बसवून घेतलं होतं. एकच, एका माणसाचं. त्याच्या शेजारची ती खिडकी.

"ही सोडायची," त्या म्हणाल्या. "काच सरकती पायजे."

बाहेर आल्यावर तानाजीरावांनी मला बाजूला घेतलं. वैकुंठरथ कशाला हवा झाला ते त्यांच्याकडूनच कळलं. स्मशान येरळा नदीच्या काठी, गावापासून लांब. गावात राहिलेली सगळी म्हातारी. मागच्या साली एक आजी गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात. शेवटी वीट भट्टीवरचे मजूर बोलावले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं. मुलं केरळातून, दिल्लीतून निघाली होती, ती दुसऱ्या दिवशी पोचली. त्यानंतर शालनकाकींनी आपल्या पैशानं ही बस घेतली आणि समितीला देऊ केली.

"बाई चांगली आहे," तानाजीराव म्हणाले. "पण हट्टी. नवरा गेल्यापासून जास्तच. तुम्ही दोन कोटेशन द्या. एक जाहिरातीसकट, एक त्यांचं. आणि त्यांचं जरा जड काढा."

"जड म्हणजे?"

"म्हणजे त्यांनीच नको म्हणावं असं. माझा मेहुणा दूध संघात आहे. संघाचे टँकर आहेत, सगळ्यांवर नवीन छाप लावायचीय. कुणाकडे द्यायचं ते अजून ठरलेलं नाही."

एवढे टँकर एकदम मिळाले असते तर माझं वर्ष निघालं असतं. मी परत येताना गाडीत हिशेब करत होतो, आणि हिशेब करताना त्या एका बाकाचा विचार मध्ये येत होता. बाई तिथं बसून करणार काय, ते मला कळत नव्हतं.

रात्री कोटेशन लिहायला बसलो. खिडकीची कापणी, कडा, घासकाम. आकडा वाढवायला जागा भरपूर होती आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळलं नसतं. पण मला ते जमलं नाही. सचोटी वगैरे मोठं काही त्यात नव्हतं. गाडीचा दर ही एकच गोष्ट मी तेव्हा खरी सांगत होतो, आणि तीही गेली असती तर माझ्याजवळ काही राहिलं नसतं. मी होता तो आकडा लिहिला.

तो द्यायला मी पुन्हा बेलखडीला गेलो, या वेळी काकींच्या घरी. बंगला दुमजली. खालच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यांवर चादरी टाकलेल्या. काकी मागच्या स्वयंपाकघरात राहत होत्या. तिथंच कॉट, तिथंच देव, तिथंच टीव्ही. त्यांनी कोरा काळा चहा दिला, साखर बक्कळ.

"तिकडची सवय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्रिशूरला काढली. दूध घालून गोड लागंना आता."

"मुलं?"

"ल्योक तिथंच हाय. दुकान बघतो. सून तिकडलीच. चांगली हाय. मलाच करमंना, मालक गेल्यावर. हितं तरी काय करमतंय म्हणा."

मी कोटेशन उघडून ओळ ओळ समजावून सांगितली. मग म्हटलं, "काकी, एक सांगू? जाहिराती नकोत तर व्हिनाइल लावूच नका. रंग मारून घ्या. निम्म्यात होईल."

"तुमचं काम जाईल की."

"जाईल."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "रंग एकदा मारला की मारला," त्या म्हणाल्या. "तुमचं कापड काढता येतं ना? मग त्येच लावा. मी हाय तवर माझ्या मनासारखं. माझ्या मागनं काढून कुणाला काय लावायचं ते लावू दे. मी कुणाला बांधून ठेवणार न्हाई."

रंगांचे नमुने मी बरोबर नेले होते. त्या ते घेऊन अंगणात गेल्या, उन्हात धरले, खाली वाकून मातीशी लावले. शेवटी एक मातकट रंग निवडला.

"हा का?"

"धुरळा दिसणार न्हाई. रोज कोण धुणार?"

समितीची बैठक त्याच दिवशी होती. मला आकडे सांगायला थांबवून घेतलं. सहा-सात माणसं सतरंजीवर. मी दोन्ही आकडे सांगितले. तानाजीरावांनी दुसरा आकडा ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. नंतर दिवसभरात ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

"समितीला हे परवडणार नाही," ते म्हणाले. "जाहिराती घेतल्या तरच समिती गाडी ताब्यात घेईल. नाहीतर डिझेल कोण घालणार, दस्तगीरला पगार कोण देणार?"

"मी," काकी म्हणाल्या.

"आणि गाडी लावणार कुठं?"

"माझ्या अंगणात."

एक म्हातारा हसला. "वैकुंठरथ दारात लावणार, शालन? रोज सकाळी उठून त्येचंच तोंड बघणार?"

"माझ्या दारात दुसरं कोण येतंय, आण्णा," काकी म्हणाल्या. "गाडी तरी हुबी ऱ्हाईल."

तानाजीराव उठले आणि बैठक संपली.

काम पाच दिवसांत झालं. पहिल्या दिवशी काकी दस्तगीरबरोबर बस घेऊन आल्या, मग रोज सकाळच्या एसटीनं सांगलीला यायच्या, वर्कशॉपमध्ये एका बाजूला बसायच्या, संध्याकाळच्या एसटीनं परत जायच्या. कारागिरांनी फिल्म ताणून धरली, मी हीटगननं ती गरम करून कमानीवर बसवली. ती खिडकी कापताना तेवढ्या काकी जवळ येऊन उभ्या राहिल्या. बाकी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्या पाच दिवसांत आम्ही फार बोललो असं नाही, पण कुणीतरी रोज येऊन बसतंय याची मला सवय लागली. सहाव्या दिवशी ती खुर्ची रिकामी होती आणि मी दोनदा तिच्याकडे बघितलं.

तीनेक आठवड्यांनी दस्तगीरचा फोन आला, मागच्या चाकावर फिल्म उचललीय. पहिल्या उन्हात असं होतं कधीकधी. मी हीटगन घेऊन गेलो. काकींच्या अंगणात पोचलो तर बस बाहेर काढलेली, दार उघडं, आणि दस्तगीर चौथरा पुसत होता.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "सदूबाबा गुरव गेले पहाटे. एक माणूस कमी पडतोय."

सदूबाबा देवळातले. लग्न केलेलं नव्हतं. पुतण्या दिल्लीला, त्यानं फोनवर सांगितलं होतं की तुम्हीच उरकून घ्या, मी दहाव्याला येतो. गाडीची ती पहिलीच खेप होती.

देवळामागच्या खोलीतून आम्ही त्यांना बाहेर आणलं. समितीतले तिघं, दस्तगीर आणि मी. तिघांत तानाजीरावही होते. पुढचा डावा खांदा त्यांनीच दिला. म्हातारा हलका होता. बसमध्ये चौथऱ्यावर ठेवल्यावर माणसं उतरली आणि मोटरसायकलींवर बसून पुढं गेली. लाकडं रचायची होती. एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "तुम्ही या मागं बसून." त्याला मोटरसायकल म्हणायचं होतं. पण काकी तोवर बसमध्ये चढल्या होत्या आणि त्या बाकावर बसल्या होत्या. मी दारात घुटमळलो.

"या की," त्या म्हणाल्या. "खाली बसा हितं, पिशवीवर. न्हाईतर पडशीला."

मी हीटगनची पिशवी आडवी करून फळीवर बसलो. दस्तगीरनं गाडी सोडली. काकींनी खिडकीची काच सरकवली.

"सदूबाबा, देऊळ मागं पडलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझ्याशी बोलतायत. पण त्या त्यांच्याशीच बोलत होत्या, साध्या आवाजात.

"आता पाण्याची टाकी. टाकीखाली कोण न्हाई आज. आता शाळा आली. पोरं मैदानात हायती, बघत्यात. आता मोहित्यांची विहीर."

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"तुमाला येडी वाटत असंन मी."

"नाही."

"वाटू दे." त्या पुन्हा बाहेर बघायला लागल्या. "आमचं मालक दुकानातच गेलं. भट्टीम्होरं. त्या दिवशी तिकडं सगळं बंद व्हतं, मोर्चा का कायतरी. अँब्युलन्सवाला एवढ्या लांब यायला तयार न्हाई. आणि मालकांनी मला सांगून ठेवल्यालं, मला गावाला न्यायचं. मग वळखीच्या एका हाटेलवाल्यानं त्येची थंड गाडी दिली. आइस्क्रीमची."

त्या थांबल्या. "वड्याची चढण आली, बाबा," असं चौथऱ्याकडे बघून म्हणाल्या, आणि मग पुढं बोलल्या.

"गुलाबी गाडी. दोनी अंगाला चित्र. एक पोरगी जीभ काढून कोन चाटतीया. मागं बसाय जागा न्हाई, दार भायेरनं बंद. मी म्होरं, ड्रायव्हरशेजारी. लेकाला इमान मिळालं, तो पुण्याला उतरून गावाला येणार व्हता. रात्रभर मी आणि त्यो ड्रायव्हर. मालकांना एक सवय. गावाला येताना गाडीत डोळा लागायचा, आणि मधीच उठून विचारायचं, कुठं आलो गं? तीस वर्षं म्या पाट्या वाचून सांगितलं. आता सेलम आलं, आता तुमकूर आलं. त्या रात्री पाट्या तशाच येत व्हत्या. मी वाचत व्हते. पर मधी पत्रा. सांगणार कुणाला?"

दस्तगीरनं गियर टाकला. गाडी चढणीला लागली आणि मी हातानं चौथऱ्याची कड धरली.

"हुबळीच्या अलीकडं चहाला थांबलो," काकी म्हणाल्या. "एक बाई आली, कडेवर लेकरू. लेकरू गाडीकडं हात करून रडतंय. बाई म्हणाली, एक द्या हो, ऐकंना. ड्रायव्हर खाली बघाय लागला. मी म्हणलं, संपलं."

एवढं बोलून त्यांनी काच आणखी सरकवली.

थोड्या वेळानं त्यांना ठसका लागला. पदर तोंडाला लावून त्या खोकल्या आणि म्हणाल्या, "धूळ गेली. आता तुमी सांगा."

"मला हा रस्ता माहीत नाही, काकी."

"मग दुसरं सांगा. नाव तरी सांगा तुमचं. परका माणूस उशाला बसलाय, त्येला काय वाटंल?"

मी सदूबाबांकडे पाहिलं. कपाळावर गंध, त्यावर एक माशी बसत होती. मी ती हातानं हाकलली.

"माझं नाव सन्मती मगदूम," मी म्हटलं. माझाच आवाज मला विचित्र वाटला. "सांगलीला असतो. गाड्यांवर व्हिनाइल लावतो. ही गाडीही मीच केली."

काकी बाहेर बघत होत्या. मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण समोरचा माणूस काही विचारणार नव्हता आणि काही समजावणारही नव्हता.

"माझी बायको माहेरी आहे," मी म्हटलं. "वर्ष झालं. ती परत येणार नाहीय. मी कुणाला सांगितलेलं नाही. घरभाडं भरतो आणि वर्कशॉपच्या माळ्यावर झोपतो. तिचा राग नाही मला. ती असताना मी घरी जायचो, जेवायचो, झोपायचो. तिनं दिवसभरात काय केलं ते मी कधी विचारलं नाही. आपलंही कधी सांगितलं नाही. का, ते मला अजून कळत नाही."

पुढं काय बोललो ते मला सगळं आठवत नाही. बराच वेळ बोललो असेन. काकींनी मध्ये एकदाही मान वळवली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "नदी दिसाय लागली." आणि मी सदूबाबांना सांगितलं, "नदी आली."

काठावर मोटरसायकली लागल्या होत्या. लाकडं रचून झाली होती. दोघं लाकडांपाशी अडकलेले, म्हणून उतरवताना पुन्हा एक माणूस कमी पडला, तेव्हा काकींनीच मागचा बांबू धरला. बाईनं खांदा दिला म्हणून कुणी काही म्हटलं नाही. तानाजीराव काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, पण मग नुसतेच बाजूला सरून त्यांनी त्यांना जागा करून दिली.

दूध संघाचे टँकर मला मिळाले नाहीत. ते जयसिंगपूरच्या एकाला गेले. ते साल मला जड गेलं, एका कारागिराला सोडावं लागलं. वैकुंठरथ काकींच्या अंगणात राहिला. दोन वर्षांनी समितीनं तो आहे तसा ताब्यात घेतला, तेव्हा तानाजीरावांच्या आई गेल्या होत्या आणि बाकावर तानाजीराव स्वतः बसले होते. काकी आता लेकाकडे त्रिशूरला आहेत, गुडघ्यांनी साथ सोडली. फोन करतात. सुनेनं मराठी शिकायला घेतलंय म्हणून सांगतात आणि मग फोन तिच्याकडे देतात. ती मला दर फोनला तेच विचारते, तुम्ही कसे आहात, आणि मी प्रत्येक वेळी नीट उत्तर देतो.

पण मला सांगायचं होतं ते त्याच दिवसाचं. परत येताना विटा मागं टाकल्यावर मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दुपारची वेळ होती, शाळूची काढणी चालली होती. मी पद्माला फोन लावला. पाचव्या की सहाव्या रिंगला तिनं उचलला.

"बोल," ती म्हणाली.

"कामात आहेस का?"

"डाळ निवडतेय." ती थांबली. "काय झालं? आवाज असा का येतोय?"

"एका माणसाला पोचवून आलो. ओळखीचा नव्हता."

"मग तू कसा काय?"

मी सांगितलं. बसचं सांगितलं, बाईचं सांगितलं, टँकरचं काम हातचं जाणार तेही सांगितलं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये डाळ ताटात पडल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"एवढं तू लग्नानंतर पहिल्यांदा बोलतोयस," ती म्हणाली.

"हो."

"आता उशीर झालाय, सन्मती."

"माहीत आहे. परत बोलवायला फोन नाही केला. तुझं कपाट घरातच आहे, शिलाई मशीन आहे. ते घर मी सोडतोय. सामान आणून देतो."

शेतातून एक बाई मोठ्यानं कुणालातरी हाक मारत होती.

"रविवारी आण," पद्मा म्हणाली. "सकाळी नको, दुपारी ये. जेवायलाच ये."

मी रविवारी गेलो. टेम्पोतून कपाट उतरवताना सासऱ्यांनी एक बाजू धरली आणि वर नेईपर्यंत सोडली नाही. जेवायला आम्ही तिघं बसलो, सासूबाई वाढत होत्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही रीतसर वेगळे झालो, पण त्या दुपारी तो विषय कुणी काढला नाही. पद्मानं विचारलं, "वांगं कसं झालंय?" मी कसं झालंय ते सांगितलं, आणि मग तिला विचारलं की ती इथं दिवसभर काय करते. ती सांगायला लागली. सासूबाई भात घेऊन मागं उभ्या होत्या, त्या तशाच थांबल्या, तिचं बोलून होईपर्यंत.